टाकीवरचा डोंगर

हागोप उस्ताने माझं पहिलंच काम नापास केलं, तेव्हा मी त्याला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्यातली एकही इथे लिहिण्यासारखी नाही. हर्णैच्या बंदरात बापाच्या हाताखाली होड्या रंगवून मी मोठा झालेला. पुढे मुंबईच्या गोदीत जहाजं रंगवली आणि मग इथे सौदीला आलो. आणि हा कोण कुठला बुटका म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, कव्हरऑलच्या खिशात खडू घेऊन फिरणारा, मी रंगवलेल्या पाइपवर ब्लेडने फुली मारतो, तिच्यावर चिकटपट्टी दाबतो आणि फर्रकन ओढतो! पट्टीबरोबर माझा रंग निघून आला. त्याने ती पट्टी माझ्या नाकासमोर धरली.

"सँडिंग किधर है?"

"किया है," मी म्हटलं.

"किधर है?"

केलं होतं हो. आजही सांगतो, केलं होतं. त्याला पाहिजे तेवढं नसेल, ते वेगळं.

आमच्या धंद्यात असं आहे: एक कोट वाळून कडक, चकचकीत झाला की त्याच्यावर दुसरा धरत नाही. आधी पॉलिश पेपरने घासून त्याची चमक मारावी लागते. हे जगातल्या प्रत्येक पेंटरला माहीत असतं आणि प्रत्येक पेंटर जमेल तिथे टाळतो. इथल्या, रास तनुराच्या उन्हात तापलेला पाइप घासत बसा म्हणजे का टाळतो ते कळेल. उस्ताचा खडू त्याच्यासाठीच होता. घासलेल्या जागेवर खडू ओढला की ठळक रेघ उमटते, न घासलेल्या रंगावर तो साबणासारखा घसरतो. घसरला की उस्ता मिशीतल्या मिशीत म्हणायचा, "फेल." वर पुन्हा, "खडू झूठ नहीं बोलता." माझा बापही होडीला हात लावण्याआधी म्हणायचा की आधी घासून रडव, मग रंगव. पण बापाचं ऐकणं वेगळं आणि परक्या माणसाचं वेगळं. पहिला महिना मी त्याच्याशी बोललो नाही.

उस्ता म्हणजे आपला उस्ताद. हा हागोप उस्ता आर्मेनियन होता. आर्मेनियन म्हणजे काय, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. माझा जोडीदार दिलावर, गुहागरचा, त्याने चौकशी करून आम्हाला सांगितलं, "सीरियात अलेप्पो म्हणून शहर आहे, तिथला. ख्रिस्ती आहे, बोलतो अरबी, कॉफीत साखर घालत नाही आणि मच्छीतलं त्याला काही कळत नाही." एवढ्या माहितीवर आमचं बरेच दिवस भागलं. आमच्या ठेकेदाराकडे रंगाचा इन्स्पेक्टर म्हणून तो कधीपासून होता ते त्यालाच ठाऊक. हिंदी तो आमच्यासारख्यांकडूनच शिकलेला, त्यामुळे तिच्यात अरबीही होती आणि रत्नागिरीही. एकदा भर मीटिंगमध्ये त्याने एका इंजिनिअर साहेबाला लाडाने "अरे मेल्या" म्हटलं. आम्ही खाली माना घालून बसलो. मला तो 'अन्वर जान' म्हणायचा. त्यांच्यात कुणालाही असं जान म्हणतात म्हणे. पण दिलावरला कोण आवरणार? तो वर्षभर मला त्यावरून पिडत होता.

समोर मी त्याला 'आप'च म्हणायचो. आठवणीत मात्र तो 'तो' म्हणूनच येतो, त्याला इलाज नाही.

कंपनीचा नियम होता की हेल्मेटला रंग लावायचा नाही. उस्ताचं हेल्मेट बाहेरून नियमाप्रमाणे पांढरं होतं. एकदा जेवताना त्याने ते उलटं ठेवलं आणि मी आत बघितलं, तर आत निळं आभाळ आणि केशरी ढग. "नियम बाहेरचा आहे," तो म्हणाला आणि भाकरी मोडायला लागला. सेफ्टीवाल्याने ते पाहिलं असतं तर घरी पाठवलं असतं त्याला. मी विचारलं, भीती नाही वाटत? तो म्हणाला, "डोकं माझं आहे ना?"

तो चित्रं काढतो हे मला असं कळलं. आमचा रंग दोन डब्यांचा असतो. एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की थोड्या वेळात तो दगड होतो, डब्यासकट फेकावा लागतो. पाळी संपताना प्रत्येक डब्याच्या तळाशी थोडा उरतोच. आम्ही हातपाय धुवायला पळायचो आणि उस्ता ते तळ गोळा करायचा. मग शेडच्या सावलीला उकिडवं बसायचं आणि चाचणीसाठी येतात त्या लहान लोखंडी पट्ट्यांवर, ब्रश असेल तर ब्रशने, नसेल तर बोटाने, भराभर चित्र काढायचं. रंग दगड व्हायच्या आत संपलं पाहिजे. खोडायचं नाही, सुधारायचं नाही. रंग तरी कोणते? आगीच्या पाण्याच्या पाइपचा लाल, धोक्याचा पिवळा, हवेच्या पाइपचा निळा, पिण्याच्या पाण्याचा हिरवा. या चार-पाचांतून तो डोंगर काढायचा, शेतं, जर्दाळूची झाडं, लाल मातीची वाट. लाल आणि निळा मिसळून असा काही जांभळा काढायचा की मी तसा जांभळा फक्त पिकलेल्या कोकमावर बघितलाय. काळा तो हातात धरायचा नाही, आणि करड्या रंगाचा तर त्याला संताप होता.

"करडा कंपनीचा," म्हणायचा. "इथे पाइप करडा, टाकी करडी, साहेबाचं तोंड करडं. मी कशाला लावू?"

"सावलीला तर काळा लागेल?"

त्याने मला दंडाला धरून बाहेर नेलं. भर दुपारी एका मोठ्या टाकीची सावली वाळूवर पडली होती. "कोणता रंग?"

"काळा."

"नीट बघ."

"भुरा."

"अन्वर जान, तू पेंटर आहेस की हमाल? नीट बघ!"

मी चिडून बघत राहिलो. तापलेल्या वाळूने डोळे चुरचुरायला लागले. आणि खरंच सांगतो, त्या सावलीत हळूहळू निळा उतरला. आता मला सावली कुठलीही असो, निळीच दिसते. गावी गेलो तेव्हा बायकोला दाखवायला गेलो, ती म्हणाली, ऊन लागलंय तुम्हाला, ताक प्या.

त्या पट्ट्या तो ठेवून घ्यायचा नाही. सुकली की जो समोर असेल त्याला देऊन टाकायचा. आमच्या कॅम्पातून त्या केरळात गेल्या, नेपाळात गेल्या, बिहारला गेल्या. माझी एक हर्णैला आहे. आमच्या हिने बरेच दिवस ती दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून वापरली. मी फोनवर ओरडलो तेव्हा कुठे ती भिंतीवर गेली. उस्ताला मी हे घाबरत घाबरत सांगितलं. तो पोट धरून हसला. "दूध उतू गेलं का?" "नाही." "मग चांगलं चित्र आहे."

पण सगळ्याच बाबतीत तो इतका सोपा नव्हता. एका प्रोजेक्टच्या बड्या साहेबाला ऑफिसात लावायला वाळवंटाचं चित्र हवं होतं. उस्ताने मोठ्या पत्र्यावर काढून दिलं. वाळू गुलाबी, आभाळ पिवळं, मध्ये निळ्या सावल्यांच्या टेकड्या. साहेब म्हणाला, छान आहे, पण वाळू जरा वाळूच्या रंगाची कर आणि एखादा उंट टाक. उस्ताने पत्रा उचलला आणि खांद्यावर टाकून चालता झाला. मागून साहेबाचा माणूस हाका मारतोय, हा वळेल तर शपथ. तो पत्रा त्याने आमच्या कॅम्पच्या न्हाणीघरात, तोंड धुवायच्या नळांवर ठोकला. रोज सकाळी आम्ही पाचशे माणसं तोंडात ब्रश धरून त्या गुलाबी वाळवंटासमोर उभी राहायचो. मी म्हटलं, साहेबाचं ऑफिस सोडून संडासाजवळ? तो म्हणाला, "इथे माणूस थांबून बघतो."

मग कोरोना आला.

काम बंद झालं, कॅम्पचं फाटक बंद झालं. खोलीत आठ माणसं, दाराबाहेर पाऊल नाही, घरचे फोन आणि त्या फोनवर रडणं. पलीकडच्या ब्लॉकमधून एक जण दवाखान्यात गेला तो परत आला नाही. दिलावरसारखा तोंडाळ माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मला तर वाटायचं, कोरोनाने नाही तर या गप्प बसण्यानेच आम्ही मरू.

कॅम्पच्या मधोमध, मेसच्या बाजूला, पिण्याच्या पाण्याची मोठी गोल लोखंडी टाकी आहे. सगळ्या खोल्यांची दारं तिच्याकडे उघडतात. उस्ता एक दिवस तेव्हाच्या कॅम्प बॉसकडे, एका थकलेल्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, म्हाताऱ्याकडे, गेला आणि म्हणाला, "टाकी बाहेरून रंगवतो."

"कोणत्या रंगात?"

"सगळ्या."

मिसरीने कपाळ पुसलं. "रंगव बाबा. पण भांडणं नकोत मला."

यार्डात मुदत संपलेल्या रंगाचे डबे पडून होते. तोच उस्ता, जो कामावर मुदत संपलेला डबा नुसता दिसला तरी लाथ मारायचा! मी आठवण करून दिली तर म्हणाला, "पाइपला मुदत असते. डोंगराला नसते."

आणि पहिलं काय केलं असेल त्याने? पॉलिश पेपर वाटले. म्हणाला, जुना पांढरा रंग वरपासून खालपर्यंत घासा. अंतर ठेवून, तोंडाला फडकं बांधून, गटागटाने अख्खा कॅम्प टाकी घासत होता. स्वयंपाकी, ड्रायव्हर, वेल्डर, ज्यांनी जन्मात ब्रश धरला नव्हता ते सुद्धा. उस्ता खडू घेऊन फिरतोय, घसरला की "फेल, परत!" दिलावर उठून बाहेर आला तो केवळ त्याला शिव्या द्यायला, आणि शिव्या देत देत घासायला लागला. त्या दिवशी कित्येक दिवसांनी मी माणसांना मोठ्याने भांडताना ऐकलं आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू!

मग डोंगर चढायला लागला. परांचीवर उस्ता, हाताखाली मी. मोठं शिखर, शेजारी लहान शिखर, माथ्यावर बर्फ, पण बर्फही पांढरा नाही, पिवळा आणि फिका निळा. उतारावर केशरी शेतं. जांभळ्या घळी. पायथ्याशी जर्दाळूची झाडं आणि तळाला टाकीभर फिरणारा निळा पट्टा. ज्याला त्याला त्यात आपलं गाव दिसायला लागलं. नेपाळी म्हणाले आमचा हिमाल, स्वयंपाकी म्हणाला आमचं मुन्नार. दिलावर त्या निळ्या पट्ट्यावर हटून बसला: ही दाभोळची खाडी, हिच्यात एक होडी काढ.

"नदी आहे," उस्ता वरून ओरडला.

"खाडी!"

"नदी!"

शेवटी उस्ता म्हणाला, "बरं बाबा, तुझी खाडी तर खाडी. पण होडी नाही." होडी नाहीच काढली त्याने.

हा डोंगर कुठला, ते त्याने मला परांचीवर बसून सांगितलं. अरारात. आर्मेनियाच्या राजधानीतून समोर दिसतो, पण सरहद्दीच्या पलीकडे आहे. दिसतो, पण तिकडे जाता येत नाही. उस्ता तर आर्मेनियालाही कधी गेला नव्हता. अलेप्पोत त्याच्या बापाचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. त्या दुकानात बापाने काढलेला हा डोंगर टांगलेला, तेवढाच त्याने बघितलेला.

मी म्हटलं, "न बघता एवढे रंग कुठून आणलेत?"

"बघितला असता तर जेवढे दिसले तेवढेच द्यावे लागले असते. बघितला नाही, मग कमी का देऊ?"

जरा वेळाने तो आपणहून बोलला. एरवी घरच्यांचं नाव काढायचा नाही. "माझी आजी एवढीशी होती. तिच्या गावातून सगळ्या आर्मेनियनांना हाकललं आणि वाळवंटातून चालवलं. तिची आई वाटेत गेली, भाऊ गेला. ती अलेप्पोला पोचली. मरेपर्यंत म्हणायची, वाळवंटाला रंग नसतो. मी लहान होतो, तिला म्हणायचो, असतो आजी. असतो. त्यांनी तुझ्याकडून काढून घेतला. मी परत लावतो." मग अलेप्पोत लढाई झाली, बापाचं दुकान गेलं, घर गेलं, घरात गुंडाळून ठेवलेली उस्ताची सगळी मोठी चित्रं गेली. त्याने टाकीवर थाप मारली. "आता माझं मोठं चित्र हे एकच. लोखंडावर आहे. बघू कोण नेतंय!"

मी त्याच्या डब्यात रंग ढवळत बसलो.

दोन वर्षांपूर्वी मिसरी गेला आणि पाटणकर साहेब कॅम्प बॉस म्हणून आले. डोंबिवलीचे. मला कोण आनंद झाला होता, आपल्या भाषेतला माणूस आला म्हणून! माणूस वाईट नव्हे. मेसमध्ये आठवड्यातून एकदा वरण-भात त्यांनीच सुरू केला. पण वरून पाहणी येणार म्हटलं की ते हातात फाइल घेऊन कॅम्पभर फिरत सुटायचे. अशाच एका पाहणीच्या आधी त्यांनी मला बोलावलं.

"अन्वर, तुम्ही आपले म्हणून तुम्हालाच सांगतो. ती टाकी पांढरी करायची आहे."

"कशाला, साहेब?"

"नियम आहे. पांढऱ्या टाकीत पाणी थंड राहतं."

थंड! जूनमध्ये आमच्या नळाला येतं त्या पाण्यात चहाची पूड टाकली तर चहा होईल, टाकी पांढरी असो की हिरवी. पण मी तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, "साहेब, पोरांचा जीव आहे हो त्या डोंगरावर. आणि उस्ताचं एवढं एकच चित्र उरलंय जगात."

"मला कळत नाही का? पण नियम म्हणजे नियम. हागोप जायच्या आत उरकून टाका. तेच तपासतील. ते तपासणार म्हणजे मला उन्हात यायला नको."

हागोप जायच्या आत. हे मला असं कळलं. त्याचं वय झालं होतं, कंपनी त्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वाढवून देणार नव्हती. फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं जाणं. मुलगी आर्मेनियात स्थायिक झाली होती, तिच्याकडे तो जाणार होता.

मी तणतणत त्याच्या खोलीवर गेलो. मला वाटलं होतं, म्हातारा पेटेल. बड्या साहेबाच्या तोंडावर पत्रा उचलून नेणारा माणूस, टाकीसमोर आडवा पडेल. आम्ही सगळे पडलो असतो त्याच्या शेजारी, कसम! त्याने कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाला, "ठीक आहे. पांढरी करू."

"ठीक आहे?"

"नियम आहे ना?"

दिलावरने ऐकलं आणि थुंकला. "भ्यायला म्हातारा. हिशोबाचे पैसे अडकतील म्हणून भ्यायला." मला त्याचा राग आला, पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं. मी उस्ताला सरळ सांगितलं, "मी नाही लावणार पांढरा. दुसऱ्या कुणाला सांगा."

"तूच लावणार," तो म्हणाला. "तू आणि दिलावर. तिसरा नको."

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही टाकीपाशी गेलो. तोंडं सुतकी. दिलावरने बादली भरली, पॉलिश पेपरचा गठ्ठा सोडला आणि पहिला कागद हातात घेतला. उस्ताने तो त्याच्या हातातून काढून घेतला. गठ्ठाही घेतला, घडी केली आणि स्वतःच्या खिशात घातला.

"उस्ता," मी म्हटलं, "घासायचं राहिलंय."

"कोण म्हणतं?"

त्याने खडू काढला. केशरी उतारावर, चकचकीत रंगावर, ज्याच्यावर समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याची धूळ तशीच बसलेली होती, तिथे खडू ओढला. खडू घसरला. रेघ म्हणून उमटली नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी खडूकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"बघितलंस?"

"बघितलं."

"ओके," उस्ता म्हणाला. "यल्ला, मारा."

दिलावरला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो पालथ्या बादलीवर बसला आणि इतका हसला, इतका हसला की त्याला ठसका लागला. उस्ताने त्याच्या पाठीवर थोपटलं. "दुसऱ्याला दिलं असतं तर त्याने घासलं असतं," तो म्हणाला. "म्हणून तुम्ही." ज्या माणसाने आयुष्यात एक वीत पाइप घासल्याशिवाय पास केला नाही, त्याने त्या दिवशी अख्खी टाकी पास केली.

तरीही रोलर फिरवताना मी हात आखडता घेत होतो. खाडी गेली, झाडं गेली, केशरी शेतं गेली. शिखराला मी शेवटी हात लावला. उस्ता खाली उभा राहून बिनसाखरेची कॉफी पीत होता आणि त्याने एकदाही नजर काढली नाही. दारादारांत माणसं उभी होती. संध्याकाळी पाटणकर साहेब आले, टाकीभोवती फिरले, म्हणाले, "वा! स्वच्छ वाटतं की नाही?" उस्ताने सही केली.

तो गेला त्या सकाळी पिकअपमध्ये त्याची एकच बॅग होती. काच खाली करून त्याने मला खडू दिला. मग पांढऱ्या टाकीकडे बघून तोंड वाकडं केलं. "शी! दवाखाना दिसतोय." आणि मला म्हणाला, "उन्हाळा येऊ दे."

उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा काय सांगावा! दिवसा लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटते, संध्याकाळी समुद्राची दमट वाफ येऊन तेच लोखंड घामेजतं. पहिला फोड शिखराजवळ आला, पापडाएवढा. मग खाली दोन. एक दिवस वारा सुटला आणि पांढऱ्या रंगाचे हे एवढे पापुद्रे, भाकरीचे सुटतात तसे, सुटून मेसपर्यंत उडत आले. आतून आधी जांभळी घळ दिसली, मग केशरी. मी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं, दिलावरने सांगितलं असेल तर त्याचं तो जाणे. पण नाश्त्याला जाणारा प्रत्येक माणूस टाकीजवळून जाताना नखाने एक पापुद्रा ओढायला लागला. स्वयंपाकी तर उलथनं घेऊन यायचा. महिन्याभरात अख्खा डोंगर बाहेर! आणि आम्ही घासघासून धरवलेला त्याचा रंग जागचा हललेला नाही. निळ्या पट्ट्यापाशी दिलावर कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि अख्ख्या कॅम्पला ऐकू जाईल असा ओरडला, "खाडी आली!"

पाटणकर साहेबांनी बोलावलं. "अहो अन्वर, हे काय? आपल्या माणसाचं काम आणि असं?"

"काय करणार साहेब, इथलं ऊन."

"परत मारा. हिवाळ्यात पाहणी आहे. या वेळी नीट."

"मारतो ना, साहेब. नीट मारतो."

त्याच संध्याकाळी मी उस्ताला टाकीचा फोटो पाठवला. लगेच व्हिडिओ कॉल आला. मिशा आणखी पांढऱ्या झालेल्या, अंगात जाड स्वेटर, मागे कुठल्यातरी गच्चीचा कठडा. त्याने फोन वळवून मला लांबचा डोंगर दाखवला. धुक्यातून कसाबसा दिसत होता, दोन शिखरं, सगळा करडा.

"बघ," तो म्हणाला, "काय तोंड करून उभा आहे. रोज सकाळी त्याला सांगतो, रास तनुराला जाऊन बघून ये, कसं दिसायचं असतं." मग मी माझा फोन टाकीकडे वळवला आणि तो चित्राकडे बघत राहिला. फोन त्याने इतका जवळ धरला की मला नुसता त्याचा एक डोळा दिसत होता, ओला. आणि मग एकदम पाइपापुढे उभा राहायचा तसा ताठ झाला, इन्स्पेक्टरचा आवाज काढला.

"अन्वर जान! सँडिंग किधर है?"

"किया है, उस्ता."

"किधर है?"

दोघंही हसलो. त्याची मुलगी मागून जेवायला हाका मारत होती. "फेल," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

हिवाळ्यात पाहणीच्या आधी आम्ही परत टाकीपाशी उभे राहिलो. दिलावरने बादली भरली, पॉलिश पेपरचा गठ्ठा काढला आणि माझ्याकडे बघत थांबला. मी गठ्ठा घेतला, घडी केली, खिशात घातला. दुसऱ्या खिशातून उस्ताचा खडू काढला आणि केशरी उतारावर ओढला. खडू घसरला.

"ओके," मी म्हटलं. "यल्ला, मार."